दुसरी वायर
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील प्रशासकीय अधिकाऱ्यांचे मनोगत)



आपल्या देणगीतून उभारलेल्या सर्व्हर कक्षातील एक प्रसंग आपणांपुढे निवेदन करणे मी माझे कर्तव्य समजतो.

केसपेपर, प्रयोगशाळेचे अहवाल, रक्तपेढीतील साठा आणि औषध भांडार यांच्या नोंदी ज्या सर्व्हरवर आहेत, त्याला दोन नेटवर्क कार्डे आहेत. प्रत्येकाची वायर वेगळ्या स्विचमध्ये जाते. एक कार्ड काम करते, दुसरे सज्ज राहते. सर्व्हरची प्रणाली दर १०० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदातून १० वेळा, जोडणी तपासते आणि ती तुटताच काम दुसऱ्या कार्डाकडे सोपविते.

गतवर्षी पावसाळ्यात पहिले कार्ड निकामी झाले. व्यवस्थेने आपले काम चोख बजावले. एकाही रुग्णाचा अहवाल अडला नाही. काही अडले नाही, म्हणून कोणी पाहिलेही नाही. कार्डावरचा विझलेला दिवा ११ दिवसांनी साफसफाई करताना दृष्टीस पडला. तोवर अपघात विभागासह सारे रुग्णालय एकाच वायरीवर विसंबून होते. प्रणालीने बिघाडाची नोंद पहिल्याच दिवशी केली होती. ती वाचण्याची जबाबदारी मात्र कोणावरही सोपविलेली नव्हती. ही चूक यंत्राची नव्हे, प्रशासनाची, अर्थात माझी होती. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर, राखीव निधीतून खर्च भागत होता आणि आम्ही ताळेबंद ठीक आहे असे समजत होतो.

कार्ड बदलण्यासाठी सर्व्हर बंद करणे भाग होते. सर्व विभागांना पूर्वसूचना देऊन, कागदी नोंदवह्या हाताशी ठेवून, रविवारी पहाटे हे काम झाले. प्रत्येक कार्डाचा स्वतःचा क्रमांक असतो. म्हणून नवे कार्ड नुसते बसवून भागत नाही, सर्व्हरला त्याची ओळख करून द्यावी लागते. शेवटी चालू वायर मुद्दाम काढली. अतिदक्षता विभागातील संगणकावर अहवाल पूर्ववत उघडत राहिले, तेव्हाच काम पूर्ण झाले असे मानले.

आता दोन्ही दिव्यांची नोंद रोज सकाळी वहीत होते, एक कार्ड शिल्लक ठेवलेले असते आणि दर ३ महिन्यांनी वायर काढून चाचणी घेतली जाते.

दुसरी वायर आपण दिलीत. तिच्यावर लक्ष ठेवणे हे आमचे काम आहे. त्यात पुन्हा कसूर होणार नाही, अशी ग्वाही देतो.