गेलेल्या गड्याला परत बोलवावे काय?

फुटबॉलचा हंगाम आटोपला की बहुतेक क्लबांपुढे एक प्रश्न हटकून येतो. ज्या गड्याने दोन-चार वर्षांपूर्वी आपल्यासाठी गोलांची रास घातली आणि जो पुढे दुसरीकडे निघून गेला, त्याच्याशी पुन्हा करार करावा की नाही? पाठीराख्यांच्या मनात उत्तर बहुधा तयारच असते. त्यांना त्याचे गोल आठवतात. हुकलेले चेंडू आठवत नाहीत. व्यवस्थापकांना मात्र पैसा, वय, दुखापती आणि संघातील रिकामी जागा या सर्वांचा मेळ घालावा लागतो, आणि तो घालताना पाठीराख्यांचा रोषही पत्करावा लागतो.

कोल्हापुरात पेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ ईर्षेने झुंजतात, आणि संघ बदललेल्या गड्याविषयी तेथेही वादविवाद रंगतात. परंतु या प्रश्नाची सर्व अंगे एकाच ठिकाणी पाहावयाची असतील, तर गोव्याकडे वळावे लागते. मडगावातील फातोर्ड्याचे मैदान हे २०१४ साली स्थापन झालेल्या एफ. सी. गोवा या क्लबाचे घर होय.

या क्लबाने २०१७ साली फेरान कोरोमिनास नावाचा स्पॅनिश गडी आणला. लोक त्याला कोरो म्हणत. आला तेव्हा त्याचे वय ३४ होते. इंडियन सुपर लीगच्या पहिल्या हंगामात त्याने १८ गोल केले, दुसऱ्यात १६, तिसऱ्यात १४; एकंदर ५७ सामन्यांत ४८. एप्रिल २०१९ मध्ये भुवनेश्वर येथे चेन्नईच्या संघास २-१ असे नमवून गोव्याने सुपर कप जिंकला, त्यातील एक गोल कोरोचा. २०२० साली गोवा साखळीत पहिला आला आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत प्रवेश मिळविणारा पहिला भारतीय क्लब ठरला. त्याच वर्षी कोरो गेला. तो परत यावा असे गोव्यातील पुष्कळांस वाटले असल्यास नवल नाही.

तथापि १८, १६, १४ हे आकडे शांतपणे वाचले, तर त्यांत ओहोटीची चाहूल लागते. शिवाय आघाडीच्या गड्याचा गोल हा कधीच त्याच्या एकट्याचा नसतो. मैदानाच्या मध्यभागी अहमद जाहू चेंडूवर हुकमत ठेवी. ह्यूगो बुमू बचावफळीतील फट हेरून नेमक्या क्षणी चेंडू सोडी. ब्रँडन फर्नांडिस कडेने अचूक पुरवठा करी. कोरोने काय करावयाचे, तर योग्य जागी योग्य वेळी असावयाचे. हे कौशल्य लहान नव्हे, पण ते दुसऱ्यांच्या कौशल्यावर उभे असते. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांस गोव्याने २०२० च्या आरंभी निरोप दिला. ते मुंबईस गेले, आणि त्यांच्यापाठोपाठ जाहू, बुमू, बचावफळीतील मुर्तदा फाल व गोव्याचाच मंदार राव देसाई हेही गेले. २०२०-२१ च्या हंगामात मुंबईने साखळीतील अग्रस्थान व अंतिम विजेतेपद ही दोन्ही पटकावली. म्हणजे कोरोला थांबवून घेतले असते, तरी त्याला चेंडू पुरविणारे बहुतेक पाय दुसऱ्याच गावी होते.

गोव्याने केले काय? पोलंडच्या साखळीत नाव मिळविलेला इगोर अँगुलो हा तितकाच पोक्त गडी आणला. त्यानेही १४ गोल करून त्या हंगामातील सर्वाधिक गोलांचा मान मिळविला. वर्षभरातच तोही मुंबईस गेला, आणि २०२१-२२ मध्ये गोव्याचा क्लब अकरा संघांत नववा आला. नवा गडी आणला की काम झाले, असे समजणाऱ्यांनी हे वर्षही ध्यानात ठेवावे.

वयाचा मुद्दा सर्वांच्या तोंडी असतो. पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकास, सह्याद्रीच्या ऐन कड्यावर आहुपे म्हणून गाव आहे. तेथील व आसपासच्या वाड्यांतील लोक रानातील हिरडा गोळा करून विकतात. कोवळेपणी उतरवून वाळविलेल्या बाळहिरड्यास जो भाव येतो, तो झाडावर पिकून मोठ्या झालेल्या हिरड्यास येत नाही. झाड तेच, पण केव्हा उतरविले यावर मोल ठरते. फुटबॉलच्या बाजारातही सामान्यतः हाच न्याय चालतो. परंतु माणूस म्हणजे हिरडा नव्हे. कोरो ३६ व्या वर्षी आणि अँगुलो ३७ व्या वर्षी सर्वाधिक गोल करणारे ठरले. तेव्हा नुसत्या जन्मतारखेवरून गड्याला नाकारणे हा आळसाचा निर्णय होय. त्याच्याकडून धावण्याची अपेक्षा आहे की जागा हेरण्याची, हे आधी ठरवावे.

खरी अडचण जागेची आहे. २०२१-२२ पासून या साखळीत एका क्लबास सहाच परदेशी गडी ठेवता येऊ लागले, आणि मैदानावर एका वेळी चारच. पूर्वी ही संख्या सात व पाच होती. या चार जागांपैकी एक जागा क्लब हमखास आघाडीला देतात, कारण गोल करणारा माणूस बाहेरून विकत घेणे हा सर्वांत सोपा उपाय असतो. परत आलेला नामांकित गडी बाकावर बसविणेही अवघड. लोक त्याच्या नावाचा पुकारा करतात. मग ज्या देशी तरुणाने तेथे उभे राहून चुकत-माकत शिकावयाचे, तो कडेला ढकलला जातो किंवा शेवटची दहा मिनिटे खेळतो.

गोल वाढले म्हणजे संघ सुधारला, हाही एक भ्रम आहे. २०२१ साली मँचेस्टर युनायटेडने आपला जुना गडी क्रिस्तियानो रोनाल्डो परत आणला. त्याने त्या हंगामात सर्व स्पर्धा मिळून २४ गोल केले. पण आदल्या वर्षी दुसरा आलेला तो संघ त्या वर्षी सहावा आला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये दोघांची फारकत झाली. गड्याने आपले काम केले. संघाची घडी मात्र त्याच्याभोवती बसली नाही.

आता याच्या उलट उदाहरण. एकेर ग्वारोचेना हा २०२२-२३ मध्ये गोव्याकडून खेळलेला आघाडीचा गडी. मध्यंतरी मुंबईच्या संघात राहून तो २०२४ मध्ये गोव्यास परतला. प्रशिक्षक मनोलो मार्केझ यांनी त्याला सर्वस्व मानून संघ रचला नाही. अर्मांदो सादिकू व बोर्हा एर्रेरा हेही गोल करणारे होते. त्यामुळे ओझे वाटले गेले. एप्रिल २०२५ मध्ये सुपर कपाच्या पहिल्याच सामन्यात एकेरने गोकुळम केरळ संघावर तीन गोल चढविले, आणि मे महिन्यात गोव्याने अंतिम सामन्यात जमशेदपूरचा ३-० असा पराभव करून चषक घेतला. हा पुनःकरार शहाणपणाचा होता, असे निःशंक म्हणता येते. वय ३१, देशाची हवा व मैदाने परिचित, आणि मागणी माफक.

तेच मार्केझ त्या काळी भारताच्या राष्ट्रीय संघाचेही प्रशिक्षक होते, आणि तेथे त्यांनी दुसरा एक गडी परत बोलाविला. सुनील छेत्री ६ जून २०२४ रोजी कोलकात्यास कुवेतविरुद्ध खेळून राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला होता. त्या संपूर्ण वर्षात भारताने एकही सामना जिंकला नाही. इकडे बंगळूरच्या संघाकडून छेत्रीने २०२४-२५ च्या हंगामात १४ गोल केले. भारतीय गड्यांत एवढे कोणाचेच नव्हते. मार्च २०२५ मध्ये, वयाच्या ४० व्या वर्षी, त्याला बोलावणे गेले. १९ मार्च रोजी शिलाँग येथे मालदीववर ३-० असा विजय मिळाला आणि त्यात छेत्रीचा गोल होता. देशभर आनंद झाला. सहाच दिवसांनी बांगलादेशाशी गोलशून्य बरोबरी झाली, जूनमध्ये हाँगकाँगकडून हार झाली, आणि १४ ऑक्टोबर रोजी फातोर्ड्यावरच सिंगापूरने २-१ असे हरवून आशियाई चषकाची वाट बंद केली. मार्केझ त्यापूर्वीच पद सोडून गेले होते.

याचा दोष छेत्रीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ६ एप्रिल २०२५ रोजी उपान्त्य फेरीत त्याने अखेरच्या क्षणी डोक्याने गोल करून खुद्द मार्केझ यांच्या गोव्यालाच घरी पाठविले होते. उणीव त्याच्यात नव्हती. त्याच्यामागे कोणी उभा नव्हता, ही उणीव होती. आणि मागे कोणी नव्हता, कारण वर्षानुवर्षे बहुतेक क्लबांनी ती जागा परदेशी गड्यांस, पुष्कळदा ओळखीच्याच परदेशी गड्यांस, देऊन टाकली होती. एका क्लबाने केलेला करार हा त्याचा खाजगी व्यवहार खरा. पण चौदा क्लबांनी तेच केले म्हणजे त्याचे बिल देशाच्या संघाला भरावे लागते. म्हणून जुन्या गड्याला जरूर बोलवावे, पण एका हंगामापुरते, आणि त्याच्या मागे कोणता तरुण तयार करावयाचा त्याचे नाव करारापूर्वी ठरवून.

गोव्याने एक नाव ठरविले होते, असे दिसते. २२ ऑक्टोबर २०२५ रोजी सौदी अरेबियातील अल् नस्र संघ फातोर्ड्यास आला. रोनाल्डो हल्ली याच संघाचा. तो मात्र प्रवासास आलाच नाही, आणि त्याला पाहावयास आसुसलेल्यांची निराशा झाली. गोवा १-२ असा हरला. त्यातील गोव्याचा तो एक गोल ब्रायसन फर्नांडिस या गोव्याच्याच तरुणाने केला.