फाटकापासून वर्गापर्यंत

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून गाड्यांविषयी बोलणे आपणांस थोडे विचित्र वाटेल. पण सकाळी शाळा भरताना फाटकापाशी पाच मिनिटे उभे राहून पाहा. डिझेलची गाडी घरघरत उभी असते आणि धूर थेट पहिलीच्या वर्गात शिरतो. नातीचा निकाल घ्यायला आलेल्या आजी कार्यालयापर्यंत चालताना दोनदा वाटेत टेकतात. पायाने अधू असलेला मुलगा प्रयोगशाळेत पोहोचतो तेव्हा तास निम्मा झालेला असतो. फाटकापासून वर्गापर्यंतचे हे अंतरही शिक्षणाचाच भाग आहे.

हे अंतर विजेरीवर चालणाऱ्या वाहनाने तोडता येते. आग्र्याला ताजमहालाजवळ धुराच्या गाड्यांना मज्जाव आहे आणि पर्यटकांना बॅटरीच्या गाड्या नेतात. आपल्या रायगड जिल्ह्यातील माथेरानला तर मोटारींना बंदीच आहे. तेथे माणूस माणसाला हातरिक्षात बसवून ओढीत असे. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये तेथे प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा सुरू झाल्या आणि शाळकरी मुलांना अल्प भाड्यात त्यांत बसता आले. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हातरिक्षाची प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा आदेश दिला.

शाळा-महाविद्यालयांचे आवार या वाहनाला विशेष मानवते. रस्ता ठरलेला, अंतर थोडे, वेग कमी आणि रात्री गाडी आपल्याच छपराखाली. इंजिन थांबलेले असतानाही तेल पिते. विजेची मोटर थांबली की वीज खात नाही. दर दोन मिनिटांनी थांबणाऱ्या गाडीला याहून सोयीचे काय?

आता हिशेब मांडू. फाटकापासून शेवटची इमारत अर्धा किलोमीटर धरा. जाऊन-येऊन ३० फेऱ्या झाल्या, तर दिवसाचे ३० किलोमीटर. डिझेलची गाडी लिटरला १० किलोमीटर चालली आणि लिटरला ९० रुपये धरले, तर २७० रुपये झाले. साध्या ई-रिक्षात १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या असतात. प्रत्येकी १०० अँपिअर-तासांच्या असल्या तर एकूण साठा ४.८ युनिटचा. ३० किलोमीटरला चार्जिंगची तूट धरून चारेक युनिट पुरतात. युनिटला १० रुपये धरले तरी खर्च ४० रुपये. दिवसाला २३० रुपये वाचले. वर्षात शाळेचे २२० दिवस धरले, तर पन्नास हजारांवर रक्कम झाली.

ही रक्कम ऐकून टाळ्या वाजवू नका. कारण खरा प्रश्न पुढेच आहे. शिशाच्या बॅटऱ्या रोजच्या वापरात दीड-दोन वर्षांत थकतात. लिथियमच्या अधिक टिकतात, पण आरंभी महाग पडतात. देणगीदाराच्या हस्ते नारळ फुटतो, छायाचित्र निघते, आणि दोन वर्षांनी नव्या बॅटऱ्यांना पैसे नाहीत म्हणून गाडी झाडाखाली उभी राहते. म्हणून माझे एकच सांगणे आहे: पहिली गाडी घेण्याआधी दुसऱ्या बॅटऱ्यांची तरतूद करा. वाचलेले पैसे दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका आणि त्यांचा हिशेब वार्षिक अहवालात छापा. चंद्याचा पैसा लोकांची अमानत आहे.

काही पथ्येही पाळली पाहिजेत. चार्जिंगची जागा पावसापासून सुरक्षित, हवेशीर आणि अर्थिंग असलेली हवी, कारण शिशाच्या बॅटऱ्या चार्ज होताना पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. तेथे मुलांना जाऊ देऊ नये. जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला विकू नयेत. शिसे विषारी आहे आणि २०२२ च्या नियमांनी त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ई-रिक्षात चालकाखेरीज चारच माणसे बसवण्याचा नियम आहे. 'लहान मुले आहेत' म्हणून आठ कोंबू नका. हे वाहन आवाज करीत नाही, म्हणून खेळत्या मुलांना ते आलेले कळत नाही. आवारात वेग सायकलीइतकाच ठेवावा आणि घंटी वाजवावी.

कोणी म्हणेल, वीज तरी कोळशाचीच ना? खरे आहे, महाराष्ट्राची बरीच वीज आजही कोळशावर होते. धूर वर्गाच्या खिडकीतून गेला, तरी जगातून गेला नाही. पण शाळेच्या छतावर एक किलोवॅटचे सौर पॅनेल सरासरी दिवसाला चार युनिट वीज देते. म्हणजे आपल्या एका गाडीची गरज तेवढ्यात भागते.

विद्यार्थी मित्रांनो, ही गाडी धडधाकट पायांसाठी नाही. तुम्ही चालायचे आहे. तिच्यातली पहिली जागा अधू मुलाची, दुसरी आजारी वा गरोदर शिक्षिकेची, तिसरी वृद्ध पालकांची. जागा उरली तर पुस्तकांच्या गठ्ठ्यांची. मात्र तिची देखभाल तुम्ही शिकून घ्या. बॅटरीचे पाणी तपासणे, युनिटांची नोंद ठेवणे, महिन्याचा खर्च काढणे, हे विज्ञान आणि गणिताचे चालते-बोलते पुस्तक आहे. चालकाच्या जागेवर आपल्याच वस्तीतील एखादी शिकाऊ परवाना काढायला तयार असलेली भगिनी का नसावी? तिला रीतसर परवाना मिळवून द्या. मुलींच्या पालकांनाही भरवसा वाटेल.

पालकांनो, पुढच्या सभेत तुम्ही एकच प्रश्न विचारा: गाडी कोणाकोणाला वर्गापर्यंत नेणार आणि पाच वर्षांनीही ती धावत असेल ना? त्याचे उत्तर कागदावर मिळाले की मगच आपला हातभार लावा. मग ते अंतर कोणाच्याही मुलाला लांब वाटणार नाही.