साक्ष देणारा समाज
(सोलापूर येथील व्याख्यानाचा संपादित भाग)



सोलापूरपासून काही कोसांवर १९४८ पर्यंत निजामी राज्याची सीमा होती. रझाकारांच्या अत्याचारांनी उद्ध्वस्त झालेली कुटुंबे ती ओलांडून या जिल्ह्याच्या आश्रयास आली. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने हैदराबाद मुक्त झाले. उरला तो जाब विचारण्याचा प्रश्न.

रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी यास बीबीनगर दरोड्याच्या खटल्यात सात वर्षांची शिक्षा झाली. १९५७ मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातील गोरटा येथे जे घडले, त्याचा हिशेब अशा एका निकालात मावणारा नव्हता. न्यायालयास नाव, दिवस, स्थळ आणि साक्षीदार लागतो. ज्याचे घरच जळाले, तो पोटाची चिंता वाहील की साक्षीचा कागद सांभाळील? तो कागद सांभाळणे हे समाजाचे काम असते.

मात्र साक्षीला निवड मान्य नसते. पोलीस कारवाईनंतर उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड या जिल्ह्यांत मुसलमानांच्याही हत्या झाल्या. पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा आकडा किमान २७ ते ४० हजार असा अंदाजिला. तो अहवाल दशकानुदशके दडून राहिला; २०१३ मध्ये तो अभ्यासकांना पाहता आला. त्याच अहवालात हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना प्राण धोक्यात घालून वाचविल्याची नोंद आहे. मागांच्या या नगरीने ती विसरू नये. पीडिताचा धर्म पाहून माप बदलले, तर तो न्याय नव्हे, सूड होय.

बांगलादेशात १९७१ च्या नरसंहारानंतर शासन स्वस्थ बसले, तेव्हा पुत्र गमावलेल्या जहानारा इमाम उभ्या राहिल्या. २६ मार्च १९९२ रोजी ढाक्यात त्यांच्या नेतृत्वाखाली जनतेचे न्यायालय भरले. शासनाने उलट त्यांच्यावरच राजद्रोहाचा खटला भरला. त्या १९९४ मध्ये निवर्तल्या. न्यायाधिकरण स्थापन झाले ते २०१० मध्ये. त्याच्या कार्यपद्धतीवर आक्षेप आले, हेही खरे.

रवांडाने १९९४ च्या संहारानंतर ‘गचाचा’ नावाची सुमारे १२ हजार ग्रामन्यायालये चालविली. गावकऱ्यांनीच निवडलेले पंच निवाडा करीत. लक्षावधी प्रकरणे २०१२ पर्यंत निकाली निघाली. पण खोट्या साक्षी आणि दडपणही तेथे आढळले. लोकसहभागास नियमांचा बांध हवाच.

मग नागरिकाने करावे काय? घरातील वृद्धांच्या आठवणी त्यांच्याच शब्दांत लिहून घ्याव्यात. डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले वेगळे नोंदवावे. गावाचे नाव, तिथी आणि मृतांची नावे दुसऱ्या साक्षीशी ताडून पाहावीत. ज्याने मारले त्याचे नाव लिहावे, तसेच ज्याने वाचविले त्याचेही. गुन्हेगाराच्या वंशजांवर डाग ठेवू नये.

ते दिवस पाहिलेली माणसे आता फारच थोडी उरली आहेत. शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याइतका अवधी त्यांच्यापाशी नाही.