जठराचे अस्तर आणि ज्येष्ठमधाची मुळी

रिकाम्या जठरातील रसाचा सामू साधारण १ ते २ असतो. मांसाचा तुकडा विरघळवणारा हा आम्लरस जठराच्या स्वतःच्या भिंतीला मात्र सहसा खात नाही. भिंतीवर बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो, त्यात बायकार्बोनेट मुरलेले असते आणि खालून रक्तपुरवठा अखंड चालू असतो. ही तिन्ही कामे सांभाळतात ती प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये. अ‍ॅस्पिरिन शरीरात ती तयार होऊ देत नाही, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. सांधेदुखीसाठी रोज गोळी घेणाऱ्याचे पोट का बिघडते, याचे उत्तर त्यात मिळाले. दुसरे मोठे कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. पर्थ येथे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवला आणि मिरचीच्या व काळजीच्या माथी मारलेला बराचसा दोष उतरला.

कारण कोणतेही असो, इजा झालेल्या जागी पांढऱ्या पेशी धावून येतात आणि सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी द्रव्ये सोडतात. तेथे मोकळे लोह असले की त्यातून हायड्रॉक्सिल हे अतिशय आक्रमक मुक्त मूलक तयार होते. ते पेशींच्या आवरणातील मेदावर तुटून पडते. डब्याच्या तळाशी राहिलेले शेंगदाणा तेल खवट होते ती रासायनिक क्रिया याच जातीची. फक्त येथे खवटपणा जिवंत पेशीत शिरतो. शरीराजवळ त्यावर कॅटलेज, ग्लुटाथायोन यांसारखे उपाय असतात. ते अपुरे पडले, तर वनस्पतींतील फ्लाव्होनॉइड आणि टॅनिन मदतीला येतील का, असा हा प्रश्न आहे.

परीक्षानळीत उत्तर फार लवकर मिळते. डीपीपीएच या रसायनाच्या जांभळ्या द्रावणात अर्काचे थेंब टाकले की ते पिवळे पडते. पण साधा चहाही हे करून दाखवतो, तेव्हा त्यावरून पोटाविषयी निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. पुढची पायरी पांढऱ्या उंदराची. त्याला दिवसभर उपाशी ठेवून अर्क पाजतात, तासाभराने शुद्ध अल्कोहोल देतात आणि आणखी तासाभराने जठर कापून, उलगडून, टाचण्यांनी ताणून बसवतात. गुलाबी अस्तरावर काळपट लाल पट्टे उमटलेले दिसतात. त्यांची लांबी मिलिमीटरमध्ये मोजतात. अर्क घेतलेल्या उंदरात पट्टे कमी आणि ग्लुटाथायोन अधिक आढळले, की अर्काला ‘अँटिऑक्सिडंट संरक्षक’ म्हटले जाते.

येथेच एक गफलत संभवते. आंद्रे रॉबर्ट यांनी १९८३ मध्ये दाखवले की उंदराला आधी सौम्य, २० टक्के अल्कोहोल दिले तरी नंतरच्या शुद्ध अल्कोहोलची इजा टळते. किंचित डिवचलेले अस्तर स्वतःच प्रोस्टाग्लँडिन वाढवून सावध होते. म्हणजे तुरट, झोंबणारा कोणताही अर्क मुक्त मूलकांना हात न लावताही पट्टे कमी करू शकतो. शिवाय वाचलेल्या पेशीत ग्लुटाथायोन शिल्लक राहणारच. ते संरक्षणाचे कारण की परिणाम, हे त्या एका मोजमापातून ठरत नाही.

कच्च्या केळ्याची भुकटी या बाबतीत बोलकी आहे. अ‍ॅस्पिरिनने उंदरांच्या जठरात होणारे व्रण तिने रोखले, असे १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये नोंदवले गेले. पिकलेल्या केळ्यात तो गुण मिळाला नाही. पुढे ल्युकोसायनिडिन हे फ्लाव्होनॉइड त्यातून वेगळे काढले गेले. भुकटीने अस्तर जाड होत असल्याचेही दिसले होते, म्हणजे काम निव्वळ मूलके टिपण्याचे नव्हते.

माणसांवरचा सर्वांत मोठा अनुभव मात्र ज्येष्ठमधाचा. घसा बसला की दाढेखाली धरायची ही पिवळसर, धागेदार मुळी. तिची गोडी ग्लिसऱ्हायझिनची. नेदरलँड्समधील डॉक्टर रेव्हर्स यांनी १९४६ मध्ये तिच्या अर्काने जठरव्रण बरे होत असल्याचे नोंदवले, पण दर पाचांतील सुमारे एका रुग्णाच्या अंगावर सूज आली. त्या मुळीतील द्रव्यापासून ब्रिटनमध्ये कार्बेनॉक्सोलोन तयार झाले आणि १९६२ मध्ये रिचर्ड डॉल व सहकाऱ्यांच्या चाचणीत त्याने जठरव्रण भरून येण्यास मदत केली. हे औषध प्रोस्टाग्लँडिन मोडणाऱ्या विकराला अडवते. दुर्दैवाने ते मूत्रपिंडात कॉर्टिसॉल निकामी करणाऱ्या विकरालाही अडवते. मग मीठ-पाणी अंगात साचते, पोटॅशियम घटते, रक्तदाब चढतो. १९७६ मध्ये जठरातील आम्ल घटवणारे सिमेटिडीन हे औषध आले आणि कार्बेनॉक्सोलोन मागे पडले.

सूज टाळण्यासाठी ग्लिसऱ्हायझिन काढून टाकलेला अर्कही बाजारात आला. त्यात मुळीतील फ्लाव्होनॉइड, म्हणजे अँटिऑक्सिडंट भाग, शिल्लक होता. सूज गेली, व्रणावरच्या चाचण्यांचे निकाल मात्र कधी अनुकूल, कधी निष्प्रभ असे आले.