‘घरी न्या’ म्हटल्यानंतर

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



कर्करोग हाताबाहेर गेला, की रुग्णाच्या नातेवाइकांना एके दिवशी दोन शब्द ऐकावे लागतात : ‘घरी न्या.’ रुग्णालयाच्या दृष्टीने तेथे प्रकरण संपते. घराची परीक्षा तेथून सुरू होते. रात्रभर कण्हणारा माणूस, दुर्गंधी येणारी जखम, उपचारापायी झालेले कर्ज, बुडालेली रोजंदारी आणि उशाशी जागणारी बायको किंवा सून. रोग बरा होणार नाही, हे वैद्यकाचे म्हणणे खरे असते. परंतु ‘आता काहीच करता येणार नाही’ हे म्हणणे खरे नसते.

पुष्कळ काही करता येते. तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायची मॉर्फिनची गोळी आहे. ती वेदना उसळण्याची वाट न पाहता दर चार तासांनी, ठरल्या वेळी द्यायची असते. सोबत बद्धकोष्ठावरचे औषध आणि जाणत्या डॉक्टरची व परिचारिकेची देखरेख असली, की हा उपचार घरच्या घरी चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच ही पद्धत जगापुढे ठेवली. चिघळलेल्या जखमेवर मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची पूड टाकली, की दुर्गंधी कमी होते आणि नातवंडे पुन्हा आजोबांच्या खाटेजवळ बसू लागतात. यातले काहीही महागडे नाही. रोग हटत नसला तरी यातना हटविणाऱ्या या शुश्रूषेला परिहार सेवा म्हणतात.

मग ती गरिबाच्या दारी का पोचत नाही? मॉर्फिन अफूपासून बनते आणि मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशातील शेतकरी सरकारी परवान्याने अफू पिकवितात. तरीही याच देशातील असंख्य रुग्ण मॉर्फिनवाचून तळमळत गेले. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने परवान्यांचे असे जंजाळ निर्माण केले, की रुग्णालयांना हे औषध ठेवणेच नकोसे झाले. २०१४ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती करून वाट मोकळी केली. मात्र कायदा बदलला म्हणून मनातील धास्ती आपोआप जात नाही, आणि न शिकविलेली विद्या डॉक्टरला येत नाही.

मुंबईत वांद्रे येथे १९८६ साली शांती अवेदना सदन हे देशातील पहिले हॉस्पिस सुरू झाले. परंतु सदनातल्या खाटा किती जणांना पुरणार? या प्रश्नाला केरळने उत्तर दिले. कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली वेदनामुक्तीचे काम सुरू केले. ज्याला उठवत नाही तो रुग्ण दवाखान्यात येणार कसा, ही अडचण ओळखून सेवाच घरोघरी निघाली. मलप्पुरम परिसरात सर्व थरांतील माणसे, विद्यार्थीसुद्धा, प्रशिक्षण घेऊन पुढे आली. परिचारिकेने जखम धुवावी, स्वयंसेवकाने घरात तांदूळ आहे का आणि मुले शाळेत जातात का हे पाहावे, अशी कामाची वाटणी झाली. लहान लहान वर्गण्यांतून पैसा उभा राहिला. १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेने पंचायतींच्या हाती निधी दिलेलाच होता. २००८ साली राज्य सरकारने या कामाचे धोरण जाहीर केले आणि पंचायतीच्या खर्चाने परिचारिका घरी जाऊ लागली. दयेचे काम हक्काच्या वाटेला लागले.

या यशाकडे पाहताना दोन धोके मात्र विसरून चालणार नाही. ‘लोक करीत आहेतच’ असे म्हणून शासन अंग काढून घेते, हा पहिला. दुसरा अधिक खोल आहे. ‘घरी शुश्रूषा’ या गोड शब्दांमागे घर म्हणजे घरातील स्त्री, हे गृहीत धरलेले असते. औषध, परिचारिका आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई यांवाचून रुग्णाला घरी पाठविणे म्हणजे रुग्णालयाचे ओझे विनावेतन तिच्या खांद्यावर टाकणे होय. तोच भार तुटपुंज्या मोबदल्यावर राबणाऱ्या आशा कार्यकर्तीवर ढकलणे, हाही अन्यायच.

आयुष्मान भारत योजनेखालील आरोग्यकेंद्रांच्या सेवांत २०१८ पासून परिहार सेवेचा समावेश आहे. कागदावरचे ते कलम गावात उतरविणे, हे कार्यकर्त्याचे काम. आरोग्यकेंद्राच्या हद्दीत अंथरुणाला खिळलेले किती, त्यांतील किती जणांना वेदनाशामक मिळते आणि परिचारिका शेवटची कधी आली, हे तीन प्रश्न त्याने घरोघर फिरून विचारावेत. मिळालेली उत्तरे ग्रामसभेत मोठ्याने वाचावीत. अर्ज, मोर्चा हे पुढचे. त्याआधी त्या खाटेशेजारी घटकाभर बसावे, म्हणजे रात्रभर जागलेल्या त्या बाईला तेवढा वेळ पाठ टेकता येईल.