शब्द आधी, व्याकरण मागाहून



नवी भाषा माणूस कशी शिकतो, याचे उत्तर शोधायला आपणांस मावळ सोडून फार लांब जावे लागत नाही. वेल्ह्यातला राजगड वीस वर्षांहून अधिक काळ राजधानी होता. त्या वेळच्या दफ्तरी कागदांत फारसी शब्दांची रेलचेल असे. त्यांच्या जागी संस्कृत शब्द यावेत म्हणून पुढे १६७७ च्या सुमारास 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला. पण हिरडस मावळातल्या कुणब्याने 'जमीन', 'अर्ज', 'तारीख', 'हजर' हे शब्द काही सोडले नाहीत. फारसीचे व्याकरण त्याच्या बापजाद्यांनी कधी पाहिले नव्हते. कचेरीत काम पडले, शब्द कानावर आला, तोंडात बसला. गरज हाच तेथे पंतोजी!

मराठीचेच घ्या ना. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ सालचे. ज्ञानेश्वरी त्याच्या सुमारे साडेपाचशे वर्षे आधीची.

कोणी म्हणेल, परक्या भाषेला अभ्यास हवाच. हवा, नाही कोण म्हणतो? पण अभ्यासाची तऱ्हा पाहा. मोल्सवर्थ हा इंग्रज लष्करी अधिकारी. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दांची संख्या सुमारे ६० हजारांवर गेली. शास्त्रीमंडळी हाताशी असूनही तो पोथीतल्या शब्दांवर थांबला नाही. शेतातले, चुलीपुढचे, चारचौघांत उच्चारू नयेत असेही शब्द त्याने घेतले. कोकणातला शब्द असला तर तशी खूण केली. अशुद्ध म्हणून दाराबाहेर घालवला नाही. आम्ही मात्र इंग्रजीच्या तासाला मुलाचे पहिले वाक्य पुरे व्हायच्या आत त्यातला काळ दुरुस्त करतो, आणि मग मूल बोलत नाही म्हणून शिकवणी लावतो.

आमच्याच हातून घडलेली गोष्ट सांगतो. वेल्ह्याकडच्या एका शाळेत आम्ही शिकवीत असू. वर्गात एक कातकरी मुलगा होता. त्याच्या घरी बोलणे कातकरी बोलीत. म्हणजे पुस्तकातली मराठी ही त्याला दुसरीच भाषा, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले नाही. तो 'पानी' म्हणाला. आम्ही त्याच्याकडून 'पाणी' तीनदा म्हणवून घेतले. वर्ग हसला. हसणाऱ्या पोरांच्या घरीही 'पानी'च म्हणत, ही गंमत निराळी! पण त्या दिवसापासून त्या मुलाने तोंड मिटले ते मिटलेच. हजेरीला तेवढी मान हलवी.

पावसाळ्यात ओढे भरले. वर्गात खेकड्यांचा विषय निघाला, तेव्हा आम्ही त्यालाच विचारले, "बाबा रे, खेकडा धरतात कसा? आम्हांला काही ठाऊक नाही." आणि खरोखरच नव्हते. तो उठला. अर्धे त्याच्या बोलीत, अर्धे आमच्या, हातवारे करीत त्याने बीळ कसे ओळखायचे, नांगी कशी चुकवायची, सारे सांगितले. शब्द अडला की पोरे पुरवीत. तो तो शब्द उचलून पुढे जाई. घंटा झाली तरी कोणी जागचे हलले नाही. 'पानी' त्यात पुष्कळदा आले. आम्ही ऐकत राहिलो.