बॅलन्सिंग केलं, तरी गाडी थरथरतेय?

आजचा एपिसोड आमच्या बाबांच्या गाडीवर आहे. २०१० सालची पेट्रोल हॅचबॅक, संगमनेरला घरी असते. गावात बाबा सगळीकडे चालतच जातात, त्यामुळे गाडी बाहेर निघते ती फक्त नाशिकला आत्याकडे जायचं असेल तेव्हा. पंधरा वर्षांची असली तरी रनिंग अगदी कमी.

गेल्या दिवाळीनंतर बाबांनी नाशिकला जाणं बंद केलं. कारण विचारलं तर "आता होत नाही रे". आईकडून नंतर कळलं की गाडी चालवताना त्यांच्या पायांना आणि कमरेला मुंग्या येतात. बाबांना शुगर आहे. त्यांनी मनातल्या मनात निदान करून टाकलं की शुगरने पाय गेले, आता आपण स्टिअरिंगवर बसायचं नाही. गाडीला गिऱ्हाईकही बघायला सांगितलं होतं.

मी सुट्टीत घरी गेलो, गाडी घेऊन सिन्नरच्या दिशेने निघालो. ७५ च्या पुढे गेलो आणि मलाही मुंग्या आल्या! मला शुगर नाही.

गंमत म्हणजे ९५ च्या पुढे थरथर कमी होत होती, आणि ६० च्या खाली नसल्यासारखीच. गावातल्या गावात चक्कर मारून बघणाऱ्या कुणालाही ती कळली नसती.

मग सुरू झाली गॅरेजची वारी. पहिल्यांदा चारही चाकांचं बॅलन्सिंग. मशीनवर चारही झिरो. थरथर तशीच. मग अलाइनमेंट. तशीच. अलाइनमेंट बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते, टायर वेडेवाकडे झिजतात, पण असा थरकाप सहसा होत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मग "इंजिन फाउंडेशन गेलंय" म्हणून ते बदललं. चार हजार गेले, मुंग्या तिथेच.

तेव्हा ठरवलं की आता एकही पार्ट बदलायचा नाही. आधी थरथर कुठून येतेय ते शोधायचं.

पहिला प्रश्न: इंजिनची की चाकांची? सरळ, रिकामा, सपाट रस्ता बघून ८० वर ॲक्सिलरेटर सोडला आणि गिअर न्यूट्रलला टाकला. इंजिन एकदम शांत झालं, थरथर मात्र तशीच राहिली. म्हणजे इंजिनचा संबंध नाही, आणि ते फाउंडेशन उगाच बदललं. हे घाटात कधीही करायचं नाही, आणि चावी बंद करायची नाही. इंजिन बंद झालं की ब्रेकची ताकद जाते, आणि चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

दुसरा प्रश्न: ब्रेक मारल्यावर वाढते का? नाही. वाढली असती तर डिस्कवर संशय. ॲक्सिलरेटर दाबल्यावरच येते का? तेही नाही, नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट बघायला लागला असता. आणि सगळ्यात सोपा प्रश्न: हाताला लागते की सीटला? हाताला लागली तर बहुतेक वेळा पुढची चाकं, सीटला आणि फ्लोअरला लागली तर मागची. स्टिअरिंग शांत होतं. बाबा बिचारे पहिल्यापासून बरोबर सांगत होते, पाय आणि कंबर!

आता तुमच्या कामाची गोष्ट. फोनमध्ये हालचाल मोजणारा सेन्सर असतोच. फायफॉक्स नावाचं फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठात बनलेलं. त्यात ॲक्सिलरेशन स्पेक्ट्रम आहे, म्हणजे वस्तू सेकंदाला किती वेळा हलतेय ते कळतं. माझा भाऊ मागच्या सीटवर फोन दाबून धरून बसला. चालवणाऱ्याने फोनला हात लावायचा नाही, हे सांगायला नको.

गणित बघा. आमच्या टायरचा साइज १५५/८० आर १३. एका फेरीत साधारण १.८ मीटर अंतर. ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला १२ फेऱ्या मारतं. त्याच वेळी इंजिन २७०० आरपीएमवर, म्हणजे सेकंदाला ४५ फेऱ्या. फोनवर शेंडा कुठे दिसला? १२ च्या जरा पुढे. ६० वर आलो तर शेंडा सरकून ९ च्या आसपास. एका फेरीला एक धक्का. चाकच! ८० लाच का जाणवतं, तर चाक आणि सस्पेन्शनची स्वतःची हलण्याची लय त्याच सुमाराला असते. झोपाळ्याला लयीत धक्का दिल्यासारखं. स्पीड वाढला की लय चुकते.

पण बॅलन्सिंग तर झिरो होतं? इथेच आम्ही सगळे फसलो. बॅलन्सिंगचं साधं मशीन वजन सगळीकडे सारखं आहे का ते सांगतं. चाक गोल आहे का ते सांगत नाही. वाकडं चाकसुद्धा शिशाचे तुकडे लावून झिरो करता येतं.

आम्ही मग मागची चाकं पुढे टाकून परत हायवेला गेलो. आता थरथर थेट हातात. खात्री पटली, पण हा मूर्खपणा होता. आधी जॅक लावायला हवा होता. कारण घरी येऊन गाडी उचलली, चाकाजवळ विटेवर स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठेवला आणि चाक हाताने फिरवलं, तर दर फेरीत एका जागी टायर पुढे येऊन त्याला घासत होतं. फुगा! आतले तारांचे पट्टे एकमेकांपासून सुटायला लागले होते. हा टायर पुढे लावून आम्ही ८० ने गेलो होतो. फुटला असता तर हा एपिसोड झाला नसता.

आणि टायर दिसायला कसा? नवा कोरा! खाचा पूर्ण खोल. बाजूवर डॉट लिहिलेल्या नंबरातले शेवटचे चार आकडे वाचले: २३१०. म्हणजे २०१० चा २३ वा आठवडा. ती गाडीसोबत आलेली स्टेपनी होती. दिवाळीच्या आधी मागचा एक टायर बाजूने फाटला, तेव्हा पंक्चरवाल्याने "ही तर वापरलीच नाहीये काका" म्हणून कायमची लावून दिली. बाबांनाही बरं वाटलं, पैसे वाचले. पण रबर न वापरताही म्हातारं होतं, आणि डिकीत उन्हात तर लवकर. बऱ्याच टायर कंपन्या १० वर्षं ही शेवटची मर्यादा सांगतात, खाचा कितीही शिल्लक असू देत, स्टेपनीसकट.

दोन नवे टायर घेतले, साडेतीन हजारांना एक. दुकानदार पुढे लावत होता, मी मागे लावून घेतले, कारण पावसात मागचं चाक घसरलं तर गाडी सावरणं अवघड जातं. मग बाबांना स्टिअरिंगवर बसवलं. ८० वर गेल्यावर ते काहीच बोलले नाहीत. फक्त बूट काढून अनवाणी पाय ॲक्सिलरेटरवर ठेवला, खात्री करायला.

रात्री झोपताना डाव्या तळपायाला थोड्या मुंग्या येतात अजून. त्या खऱ्या शुगरच्या असू शकतात, म्हणून पुढच्या आठवड्यात नाशिकला डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीये. मी येतो म्हटलं तर बाबा म्हणाले, तू कशाला, मी जाईन की गाडी घेऊन.